सकाळची आईची, दुपारची बाबांची

"ही हुशारी माझी की गोळीची?"

भिंगरीने प्रश्न टाकला आणि पावाचा तुकडा तसाच हातात धरून आधी आईकडे, मग बाबांकडे पाहिलं. पैज होती ना! काल शाळा सुटताना लांबडी आणि चष्मिस या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला फाटकाशी अडवलं होतं. "सहामाहीत आमच्या पुढे गेलीस, ती तू गेलीस की तुझी गोळी? हिंमत असेल तर घरी विचारून दाखव. दोघांना एकदम." हिंमत तर आताशा तिच्यात नुसती उतू जात होती. पण खरी अडचण 'दोघांना एकदम' या शब्दांत होती... कारण त्यांच्या घरात अकरा महिन्यांत कुणी, काहीही, दोघांना एकदम विचारलं नव्हतं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या नखांत निळा रंग कायमचा बसलेला; दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस तो. "चष्मा लावून वाचलं तर वाचलेलं चष्म्याचं होतं का गं?" ते हसून म्हणाले.

"त्यांना सांग," आई भिंगरीकडे पाहत म्हणाली, "चष्म्याने पोरीची छाती धडधडत नाही. चष्म्याने तिची भूक मरत नाही."

"आईला सांग, भूक दुपारची मरते, रात्री दोन पाव जास्त खाते ती. मी बघतो."

"त्यांना सांग, बघण्याचं त्यांनी बोलूच नये. त्यांचं बघणं एकदा बघितलंय सगळ्यांनी."

बाबांचं हसू विझलं. आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि शिलाई मशीन असं काही धडधडू लागलं की भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं.

भिंगरी स्वतःला या घराचं टपालखातं म्हणायची. शाळेत या गोष्टीचे विनोद करून ती मैत्रिणींना लोळवायची. पण घरी, त्या दोन खुर्च्यांच्या मधोमध बसलेली असताना, तिला विनोद सुचायचा नाही. सगळं तिच्यामुळेच तर झालं होतं. एका दुकानाच्या पाटीवर अक्षरांची रेघ सरळ यावी म्हणून सुताचं टोक धरायला बाबांनी तिला शिडीवर चढवलं, शिडी सरकली आणि ती खालच्या फरशीवर डोक्यावर आपटली... असं सगळे सांगत. तिला स्वतःला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. नऊ दिवसांनी जाग आली तेव्हा केस उतरवलेले होते, आई उशाशी होती, बाबा दाराशी होते आणि त्या दोघांमधलं बोलणं संपलेलं होतं.

डोक्याची जखम भरली, केस वाढले. पण लक्ष म्हणून जे काही असतं ते त्या फरशीवरच राहिलं. ओळीच्या सुरुवातीचा अर्थ ओळीच्या शेवटापर्यंत जाता जाता सांडून जायचा. नळ उघडा राहायचा, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून ती शाळेत जायची. मग मेंदूच्या डॉक्टरांनी ती छोटीशी पांढरी गोळी सुरू केली, आणि तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी भिंगरीने धड्याचं एक पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि पुस्तक छातीशी धरून ती रडली. आपण परत आलो, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

गोळीचीसुद्धा वाटणी होती. सकाळची आईची, दुपारची बाबांची. सकाळी न्याहारीआधी आई देई. मधल्या सुट्टीत बाबा सायकलवरून शाळेच्या फाटकाशी येत आणि खिशातल्या पाकिटातली दुसरी देत. नियम साधा होता. फक्त तो पाळायला त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नव्हतं, एवढीच त्यात खोट होती.

"गोळी घेतलीस सकाळची?" बाबांनी दप्तर उचलून देताना विचारलं.

भिंगरी थबकली. घेतली होती? आईचा तळहात आठवत होता, पाण्याचा पेला आठवत होता... पण तो आजचा की कालचा? गोळीचा अंमल चढायला अर्धा तास लागे, तोवर सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळलेल्या असत.

"माहीत नाही, बाबा."

"जा, आईला विचार."

पाच पावलांवर आई होती. ती पाच पावलं बाबांनी टाकली असती तर...! पण त्यांनी टपाल पाठवलं. भिंगरी आत गेली. आईने मान वर न करता मशीन थांबवलं, गळ्यातली टेप ओढली आणि म्हणाली, "आलीच आहेस तर सरळ उभी राहा. स्कर्ट आखूड झालाय." कंबर झाली, गुडघा झाला, आईने खडूने आकडा लिहिला, मशीन पुन्हा सुरू झालं आणि भिंगरी बाहेर आली तेव्हा आपण आत कशाला गेलो होतो ते तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

"काय म्हणाली?"

बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला आठवलं, काहीतरी विचारायचं होतं. विसरले... हा एक शब्द सांगायचा होता फक्त. पण त्या शब्दाची तिला आता शिसारी आली होती. पुढे गेलेली मुलगी होती ना ती! विसरणारी भिंगरी केव्हाच मागे पडली होती.

"नाही दिली म्हणाली," ती बोलून गेली.

बाबांनी खिशातलं पाकीट उघडलं.

दुसऱ्या तासाला गणिताची चाचणी होती. पहिलं उदाहरण वाचताना भिंगरीला वाटलं, कुणीतरी बाकावर ठोके देतंय. मग कळलं, ठोके तिच्या छातीत पडत होते. ते गळ्यात चढले, कानांत आले. तळवे घामाने थबथबले, पेन सुटून पडलं. आकडे पूर्वीसारखे पुसट नव्हते. उलट इतके लखलखीत, इतके जवळ, की प्रत्येक आकडा एकदमच डोळ्यांत घुसत होता आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध लागत नव्हता. कागदावर नाव लिहायचं होतं. पेन उचलून अर्धं लिहिलं आणि हात थांबला. आणि मग, अगदी सावकाश, तिच्या डोळ्यांसमोर दोन तळहात उभे राहिले. एक सुईने टोचलेला, एक रंगाने माखलेला.

दोन घेतल्या मी.

"बाई..." ती उभी राहिली, "मला भीती वाटतेय." आणि लांबडीने तिला धरलं म्हणूनच ती फरशीवर पडली नाही.

इस्पितळातल्या खाटेवर तिच्या छातीला तारा चिकटवल्या होत्या आणि बाजूचं यंत्र तिचं गुपित सगळ्या खोलीला ओरडून सांगत होतं. आई गळ्यातली टेप न काढताच धावत आली होती. बाबा दुसऱ्या दाराने आले. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले. केसांत पेन खोचलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला.

"आज सकाळी किती गोळ्या दिल्या?"

"एक," आई म्हणाली. "मी स्वतः दिली."

"एक," बाबा म्हणाले. "मी दिली."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एकाखाली एक मांडला.

"म्हणजे दोन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "घरात बोलत नाही का तुम्ही?"

"धोका टळेल असं वाटतंय, पण पाच-सहा तास मी हिला डोळ्यांआड करणार नाही," असं सांगून त्या पडद्यामागच्या टेबलाशी गेल्या. आईने खाटेचा दांडा घट्ट धरला... आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा, भिंगरीला मध्ये न घालता, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहून ती बोलली.

"मला विचारलं का नाही तुम्ही?"

"विचारलं असतं तर बोलली असतीस?"

"तोंड उघडायची भीती वाटायची हो मला!" आईचा बांध फुटला. "उघडलं असतं तर तेच बाहेर पडलं असतं. शिडी तुम्ही नीट लावली होती. खालून मी धरली होती. मी सोडली..."

"गप्प बस. पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे. रंगाचा डबा कलंडला आणि मी गिऱ्हाइकाला पोचवायला निघाले होते ते शिवलेले कपडे खाली होते... त्या चिंध्यांसाठी हात सुटला माझा. आणि सगळे तुम्हाला बोलत राहिले. माझ्या आईने तुम्हाला उंबरठ्यावरून परत पाठवलं, तरी तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. एकदा ओरडला असतात तर सुटले असते मी. तुम्ही रोज गप्प राहून मला माफ करत होतात, ते सोसवत नव्हतं मला... म्हणून सकाळीसुद्धा टोचून बोलले."

बाबांनी आपल्या निळ्या नखांकडे पाहिलं. "नऊ दिवस ती उठेल की नाही, माहीत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "उठली तर तिला आई लागणार होती. खाऊ घालायला, न्हाऊ घालायला, रात्री कुशीत घ्यायला. बाप वाईट ठरला तर निभावतं गं."

भिंगरीच्या कानांत ठोके घुमत होते आणि डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं. दाराशी उभे असलेले बाबा! त्यांच्याशी ती महिनोन् महिने जरा तुटकच वागली होती... शिडीवर चढवणारा बाप म्हणून. तिने हात पुढे केला आणि रंगाने माखलेला तो तळहात आपल्या गालाशी ओढला.

डॉक्टरीणबाई परत येताच आई त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "बंद करा ही गोळी. मला हुशार मुलगी नको, जिवंत हवी."

हे ऐकून भिंगरीला जी भीती वाटली ती ठोक्यांच्या भीतीहून मोठी होती. बंद? म्हणजे पुन्हा सांडणाऱ्या ओळी, पुन्हा उघडे नळ... पुन्हा त्या धुक्यात जायचं?

"गोळी अजून तीच हवी का, किती हवी, ते हिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आजचा घोळ गोळीने केलेला नाही."

दुपार कलली. यंत्राची घाई हळूहळू ओसरली. आई आणि बाबा आता खाटेच्या एकाच बाजूला, एकाच बाकावर बसले होते. मधे हातभर अंतर होतं, पण मधे कुणी नव्हतं.

"मला काहीतरी सांगायचंय," भिंगरी उठून बसली. "दोघांना एकदम."

दोघांनी मान वर केली.

"सकाळी आईला मी विचारलंच नव्हतं, बाबा. विसरले होते आणि लाज वाटली म्हणून खोटं बोलले. ती चूक माझी. आणि सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय. हुशारी गोळीची असती तर आज दोन घेऊन मी दुप्पट हुशार व्हायला हवं होतं. मला माझं नाव लिहिता आलं नाही."

बाबांच्या ओठांवर हसू येता येता अडलं.

"डॉक्टर हो म्हणाले तर गोळी मी घेणार. डबी तुमच्याकडे राहू दे, पण रोज तुमच्या दोघांसमोर घेईन आणि घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारीन. विसरले तर विसरले म्हणेन. आणि टपालखातं आजपासून बंद. 'त्यांना सांग', 'आईला सांग', यातलं एकही पत्र मी पोचवणार नाही. मला भीती वाटते त्याची. तुमच्यामधून चालताना मला रोज भीती वाटते."

आईने तोंडाला पदर लावला.

"बस, एवढंच," भिंगरी उशीला टेकली. "आता मला तहान लागलीय. पाणी कोण आणणार, ते एकमेकांना विचारा."