डावीकडचा ब्रेक

तो पहिल्यांदा आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि माझा घसा पार बसला होता.

सकाळपासून सात जणांना "हळू… हळू" म्हणून झालं होतं. सातव्या विमलबाई. त्यांनी क्लच सोडायच्या ऐवजी घाबरून स्टेअरिंगच सोडलं होतं. मी क्लासच्या पायरीवर बसून पाणी पीत होते, एवढ्यात समोर एक उंच, सावळा माणूस येऊन उभा राहिला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांखाली काळं. माझ्याइतकाच थकलेला दिसत होता, म्हणून मला त्याचा राग आला नाही.

"लायसनची ट्रायल द्यायची आहे. तुमची गाडी भेटन का?"

"गाडी येते का?"

"येते… थोडी-थोडी."

थोडी-थोडी येणारे सगळ्यात वाईट. ज्याला काहीच येत नाही तो निदान ऐकतो तरी. मी उठले आणि डावीकडच्या सीटवर बसले. आमच्या क्लासच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक आहे, शिकवणाऱ्यासाठी. माझा उजवा पाय गेली नऊ वर्षं त्या ब्रेकवर आहे.

मेहकरच्या बाहेर जानेफळच्या रस्त्याला लागलो. समोरून हरभऱ्याचा ट्रॅक्टर आला, मी ब्रेक दाबला. पुढे एक म्हैस नुसती रस्त्याकडे बघत होती, मी ब्रेक दाबला. तिसऱ्यांदा तर काहीच नव्हतं, फक्त वळण होतं. तरी दाबला.

त्यानं गाडी बाजूला घेतली. हसू लपवत म्हणाला, "एक विचारू का मॅडम? ही गाडी कोण चालवून राह्यलं? मी का तुम्ही?"

"माह्या क्लासची गाडी हाय. मीच."

"मंग मले काऊन बसवलं इथी?"

मी त्याच्या हातांकडे बघत होते. स्टेअरिंगवर ते इतके सैल होते, की ते शिकाऊ माणसाचे असूच शकत नव्हते.

"तुम्हाले चांगली गाडी येते," मी म्हटलं. "खोटं काऊन बोलले?"

"खोटं नाही बोललो. लायसन संपलं, त्याले दीड वर्ष झालं. आता नव्यानं ट्रायल द्या म्हणतात. मी कोईमतूरले रेसच्या ट्रॅकवर लोकायले गाडी शिकवतो. तिथी लायसन कोणी मागत नाही… त्याच्यानं ध्यानातच नाही राह्यलं."

म्हणजे मी एका मास्तरला शिकवायला निघाले होते. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

त्याचं नाव गोविंदा. मूळचा जळगाव जामोदचा. जानेफळच्या पुढे माळरानावर एका कंपनीनं गाड्या पळवायचा अडीच किलोमीटरचा ट्रॅक बांधला होता. पैसेवाल्या हौशी लोकांना एक दिवस तिथे महागड्या गाड्या चालवायला मिळणार होत्या, शेजारी शिकवणारा बसणार होता. त्याच्या तयारीसाठी कंपनीनं गोविंदाला महिनाभर आधी पाठवलं होतं.

त्यानंतर तो रोज चारला यायचा. म्हणे रिव्हर्स कच्चा आहे. त्याचा रिव्हर्स माझ्या रिव्हर्सपेक्षा पक्का होता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. 

"दिवसभरात तुम्ही सगळ्यात जास्त काय बोलता?" त्यानं एकदा विचारलं.

"हळू. आन तुम्ही?"

"पाय उचलू नका."

"म्हंजे?"

"आमच्या गाड्यायचं इंजिन पुढं नसते. मांगं असते, पाठीले टेकून. वळणात भेव वाटलं का माणूस ॲक्सिलेटरवरचा पाय झटकन उचलते. तसं केलं का मांगचं वजन सुटते आन गाडीची पाठ फिरते. म्हून सांगा लागते… पाय उचलू नका."

"आन उचललाच तर?"

"तर गरगर. मी पाहत बसतो."

"तुम्ही ब्रेक नाही मारत?"

"माह्या बाजूले ब्रेकच नसते, मॅडम."

मला ते काही केल्या पटेना. डाव्या सीटवर बसायचं, आणि पायाखाली काहीच नाही? बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. बाबा एकदा, फक्त एकदा, तंबाखू मळायला म्हणून ब्रेकवरून पाय काढून बसले होते. शिकाऊ पोरानं गाडी बाभळीवर घातली. बाबांचा गुडघा गेला तो गेलाच. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शिक्षण सोडून गाडीत बसले, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट शिकवली, "मंजू, ब्रेकवरचा पाय काढायचा नाही."

मी काढला नाही. गाडीतला नाही आणि बाहेरचाही नाही. नऊ वर्षांत चार स्थळं आली. एक तर मोताळ्याचं, खरंच चांगलं होतं. मी प्रत्येक वेळी "बघू" म्हटलं, आणि बघता बघता ते लोक दुसरीकडे जमवून मोकळे झाले.

ट्रायलच्या दिवशी गोविंदा पास झाला, हे सांगायलाच नको. आम्ही आरटीओच्या कॅम्पच्या बाहेर लिंबाखाली उभं राहून कचोरी खात होतो. कचोरी संपली तरी तो कागद चुरगाळत राहिला.

"कंपनीनं नवीन कागद धाडले. दोन वर्षं कोईमतूर… नाहीतर इथलाच ट्रॅक सांभाळा म्हणतात. इथी पगार कमी हाय."

"मंग?"

"येत्या रविवारी ट्रॅकचा दिवस हाय. संध्याकाळी गाड्या ट्रकवर चढतीन. मी त्या ट्रकमंदी बसू का नको… ते विचारून राह्यलो."

"मले काऊन विचारता?"

"तुम्हालेच विचारा लागते. ट्रॅकसाठी मी थांबत नाही, मॅडम. इथी थांबलो तर… तुमच्यासाठीच थांबीन."

माझे कान गरम झाले. बोटांना कचोरीचं तेल लागलेलं होतं आणि ते कुठे पुसावं हे कळेना.

मी म्हटलं, "बघू."

त्यानं फक्त मान हलवली. थकल्या माणसाला आणखी एक पोतं उचलायला सांगावं, तशी.

रविवारी सकाळी चार शिकाऊ आटपून मी दुपारी क्लासच्या गाडीनं ट्रॅकवर गेले. प्रत्येक शिकवणाऱ्याला आपला एक पाहुणा बसवता येत होता. गोविंदानं माझं नाव लिहून ठेवलं होतं. ऊन रणरणत होतं. चार गाड्या उभ्या होत्या, लाल, पिवळ्या, आणि इतक्या बुटक्या की आपली शेळी त्यांच्यावर सहज चढून बसेल. गोविंदा सकाळपासून अकरा जणांबरोबर फिरून आला होता. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचे केस घामानं चिकटलेले होते.

त्यानं पिवळ्या गाडीचं पुढचं झाकण उघडून दाखवलं. आत इंजिन नव्हतं. नुसती बॅग ठेवण्यापुरती जागा.

"चोरीले गेलं का?"

"सांगतलं ना, मांगं हाय."

मी ड्रायव्हरच्या सीटवर जवळजवळ झोपलेच. तो डावीकडे बसला. हेल्मेटमधल्या स्पीकरमधून त्याचा आवाज थेट कानात आला, घोगरा, अगदी जवळचा. इंजिन सुरू झालं आणि माझी सगळी पाठ थरथरली.

"ब्रेक सरळ रस्त्यात मारायचा. वळणात नाही. वळणात पाय एकसारखा ठेवायचा. घाई नाही… मी हाय."

पहिली फेरी मी बैलगाडीसारखी काढली. दुसऱ्या फेरीत जरा सुटले. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळं वाळलेलं गवत, आणि मागून रेटणारं ते इंजिन. नऊ वर्षांत मला कोणी असं पुढे ढकललं नव्हतं. तिसऱ्या फेरीत ते लांबलचक उजवं वळण आलं. अर्ध्यात गेल्यावर वाटलं, हे संपतच नाही. 

मी पाय उचलला.

गाडीची पाठ फिरली. आभाळ, गवत, खुणेचे लाल शंकू, पुन्हा आभाळ. मग सगळं थांबलं. आम्ही उलट्या तोंडानं मुरमात उभे होतो आणि धूळ हळूहळू काचेवर बसत होती.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात त्याच्या मांड्यांवर होते. उघडे, सैल. त्यानं स्टेअरिंगला हात घातला नव्हता, दाराची मूठसुद्धा धरली नव्हती.

"लागलं का?"

"नाही."

"पाय काऊन उचलला?"

"भेव वाटलं."

"वाटतेच. मलेबी वाटते." तो थोडा थांबला. "भेव वाटलं तरी पाय तिथीच ठेवायचा. दाबा नाही म्हणत मी. फक्त… सोडू नका."

"तुम्हाले राग नाही आला?"

"राग कायचा? फिरली, थांबली. आपण दोघं हाओत ना जाग्यावर. चला, अजून एक."

मी आणखी एक फेरी काढली. त्या वळणावर पाय तसाच ठेवला. गाडी डगमगली, पण वळली. मी खाली उतरले. तो म्हणाला, "चांगली चालवली." एवढंच. त्याचा पुढचा माणूस हेल्मेट घालून उभा होता.

मी कठड्यावर बसून राहिले, थेट साडेपाचपर्यंत. तो पुन्हा पुन्हा डाव्या सीटवर बसत होता, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. कुणी त्याच्यावर ओरडत होतं, कुणी मोबाईल पुढे करून फोटो काढून घेत होतं. तो प्रत्येकाबरोबर आपला जीव त्याच्या हातात देऊन बसत होता, मांडीवर हात ठेवून. मला तो माणूस आवडत होता. फार आवडत होता. आणि मी त्याला "बघू" म्हटलं होतं, जसं मी मोताळ्याच्या त्या भल्या माणसाला म्हटलं होतं.

गाड्या ट्रकवर चढल्या. गोविंदा बॅग खांद्याला लावून माझ्याकडे आला. आता त्याच्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. तो माझ्या शेजारी कठड्याला टेकला.

"ट्रकवाला बोलावून राह्यला," तो म्हणाला.

मी पर्समधून क्लासच्या गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"मी लय थकली, गोविंदा. मले घरी घेऊन चला."

मी त्याला नावानं हाक मारली होती, पहिल्यांदाच. त्यानं किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आन ट्रक?"

"ट्रकले जाऊ द्या."

तो जाऊन ट्रकवाल्याशी दोन शब्द बोलला आणि परत आला. बॅग मागच्या सीटवर टाकली. मी सवयीनं डावीकडे बसले, सवयीनं पाय ब्रेकवर गेला. जानेफळ मागे पडलं. सूर्य अगदी समोर, डोळ्यांत येत होता. कालव्याच्या पुलाआधी गतिरोधक आहे. माझा पंजा ताठ झाला… आणि मी पाय उचलला. दोन्ही उचलले. चपला खाली काढून ठेवल्या आणि सीटवर मांडी घालून बसले.

गाडी गतिरोधकावरून अलगद उतरली.

"पाय कुठी गेला?" तो म्हणाला. तो समोरच बघत होता.

"वर घेतला."

"ब्रेक?"

"तुमच्या पायाखाली हाय ना एक? तेवढा पुरे."

त्यानं गिअर बदलला. मग घसा खाकरून म्हणाला, "मंग… मी थांबू?"

"थांबा. मले तुम्ही पाह्यजे. आन बाबाले हे तुम्हीच सांगसान. माह्या घशात आता आवाज नाही उरला."

"हाव," तो म्हणाला. इतक्या हळू, की हळू म्हणण्यात माझी नऊ वर्षं गेली पण मला ते असं कधी जमलं नाही.

त्यापुढचं मला आठवत नाही. चालत्या गाडीत मी आयुष्यात कधी झोपले नव्हते. त्या दिवशी कुठल्याशा शेताजवळ झोप लागली आणि मेहकर आलेलं कळलंच नाही.

बाकीचं गोविंदानं सांगितलं. घरापुढे गाडी थांबवून तो तसाच बसून राहिला होता, इंजिन बंद केलं तर मी जागी होईन म्हणून. बाबा काठी टेकत बाहेर आले. खिडकीशी वाकले. आधी अनोळखी ड्रायव्हरकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मान कलंडलेली, तोंड उघडं. मग खाली, जिथे माझा पाय असायला हवा होता तिकडे. तिथे नुसत्या चपला होत्या.

गोविंदा म्हणतो, त्याची बोबडी वळली होती. एवढ्या वळणांत कधी वळली नव्हती. त्यानं सांगायला तोंड उघडलं, "बाबा, मी…"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. बराच वेळ ते माझ्या मांडी घातलेल्या पायांकडे बघत राहिले.

"लय दिवसाची जागी हाय ते," बाबा म्हणाले. "जा, अजून एक चक्कर मारून आण."