प्रयोग रोज दहा ते साडेपाच

कला माणसाला सत्याच्या अगदी जवळ नेऊन सोडते, असं मावशीचं ठाम मत होतं. त्या बुधवारी कलेने तिला आणि तिच्या भाचीला तिसऱ्या मजल्यावरच्या विमा कार्यालयात नेऊन सोडलं.

तशी चूक कलेची नव्हती, बाणाची होती. शहरात आठवडाभर छोट्या नाटकांचा महोत्सव चालू होता. छोटी म्हणजे इतकी छोटी, की काही प्रयोगांना नट एक आणि प्रेक्षक अर्धा असायचा. म्हणजे एक पाय दाराबाहेर ठेवून बसलेला. मोठ्या नाट्यगृहात लोक येऊन बसण्याची भीती असते, म्हणून ही मंडळी गोदामात, गच्चीवर, जिन्याखाली किंवा जुन्या कचेऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांत प्रयोग करत. या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर डाव्या खोलीत ‘प्रतीक्षा’ नावाचं एकपात्री नाटक होतं आणि उजव्या खोलीत विमा कार्यालय. भिंतीवरचा कागदी बाण कुणाच्या तरी ओल्या छत्रीचा धक्का लागून पडला. मागून येणाऱ्या एका सज्जन माणसाने तो उचलून पुन्हा चिकटवला — टोक उजवीकडे करून.

भाची एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. सकाळपासून लोकांचे दंड आवळायचे आणि “मूठ घट्ट करा... आता सोडा” म्हणायचं, हे तिचं काम. हात इतका हलका की लोक “झालं?” असं विचारायचे. घरात मात्र काहीच होत नव्हतं. आतापर्यंत तीन मुलं बघून झाली होती आणि तिघांनीही आपापल्या पार्किंगची सविस्तर माहिती दिली होती.

“मला कागद सरकवणारा माणूस नको,” तिने घरी जाहीर केलं होतं. “ज्याच्याकडे बघत बसावंसं वाटेल असा हवा.”

“बघत बसायला नटच लागतो,” मावशी म्हणाली, आणि तिने महोत्सवाचे दोन पास आणले.

दोघींनी एव्हाना बरंच सोसलं होतं. एक गृहस्थ पाऊण तास कपाटात बसून होता, दार लावून. एका बाईने विटेची माफी मागितली. लिफ्टमधलं नाटक दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसालाही टाळ्या मिळाल्या. त्यामुळे उजव्या खोलीचं दार ढकलल्यावर टेबलामागे एक माणूस गुडघ्यांवर बसून काहीतरी शोधताना दिसला, तेव्हा दोघी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बिनआवाज बसल्या.

“दोनच मिनिटं हं,” टेबलाखालून आवाज आला. “स्टेपलर इथेच होता.”

“सुरुवात काय धरलीय!” मावशी कुजबुजली.

दोन मिनिटांची वीस झाली. तो कप्पे उघडत होता, मिटत होता. मध्येच खिडकीशी थांबून त्याने एक दीर्घ श्वास घेतला... आणि सोडला. तेवढ्यात फोन वाजला.

“हां, बोल ताई... जेवलो गं. म्हणजे डबा उघडलाय... नाही, हाच शर्ट चालतो, इथे कोण बघतंय मला? सकाळपासून चिटपाखरूसुद्धा—” त्याचं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. आवाज एकदम खाली आला. “ताई, ठेवतो. माणसं आलीत.”

‘माणसं आलीत’ हे त्याने असं काही म्हटलं, की भाची खुर्चीत पुढे सरकली. तिने टाळ्या वाजवल्या. मावशी तर उभीच राहिली.

तो गोंधळून दोघींकडे बघत राहिला. मग, काहीतरी करायला हवं म्हणून, किंचित वाकला.

“उद्या आहे पुन्हा?” भाचीने दारात थांबून विचारलं.

“रोज असतं. दहा ते साडेपाच. रविवारी सुट्टी.”

“दहा ते साडेपाच? सलग?”

“मध्ये जेवायची सुट्टी असते... पण तेव्हाही मी इथेच असतो.”

“आणि किती वर्षं करताय हे?”

“अकरा.”

“एकट्याने?”

“आधी दोघं होतो. त्यांची बदली झाली.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. पार्किंगबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघींबरोबर आणखी सहा जण आले. विमावाल्याला वाटलं, हप्त्यांत काही घोटाळा झालाय. मग त्यातल्या एकाने त्याला विचारलं, “ही शांतता तुम्ही बसवली कशी?” आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. सगळे गेल्यावर तो बाहेर आला. भिंतीवर बाण होता. समोरच्या डाव्या खोलीत ‘प्रतीक्षा’चा नट अंधारात खुर्चीवर एकटाच बसला होता. दोन दिवस कुणीही आलेलं नव्हतं आणि त्याच्या मते प्रयोग उत्तम चालला होता.

विमावाल्याने बाणाचं टोक नखाने उचकटलं. ओढला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण उद्या ती येणार होती, पिवळ्या ओढणीतली, हसू दाबायला ओठ चावणारी. अकरा वर्षांत त्याच्याकडे कुणी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. साहेबांनी तर एकदा त्याला दुसऱ्याच नावाने बढती दिली होती. त्याने बाण अंगठ्याने दाबून नीट बसवला.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, आणि तिथेच घात झाला. कुणी बघतंय हे कळल्यावर माणसाला स्टेपलरसुद्धा धड शोधता येत नाही. तो कप्पा हळूच उघडायचा, भुवया उंचवायचा, मान हलवायचा.

“आज जरा जास्तच करत होते,” मावशीने जिना उतरताना निकाल दिला. “बुधवारची मजा नाही.”

भाची मात्र मागे रेंगाळली. इमारतीखालच्या टपरीवर तो एकटाच चहा पीत होता. वर पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. तिला बघून त्याने घाईघाईत दुसरा चहा सांगितला आणि स्वतःचाच कप तिच्यापुढे केला.

“हा तुमचा आहे,” ती म्हणाली.

“हो... म्हणजे, आता तुमचा.”

“शर्ट छान आहे.”

“ताई म्हणते, मी यात मोठा माणूस वाटतो.”

“बुधवारी चुरगळलेला होता. त्यात जास्त छान वाटत होतात.” हे म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो हे तिला कळलं, आणि ती चहाकडे बघू लागली. “पुढच्या चौकातल्या लॅबमध्ये रक्त काढते मी. माझ्यासमोर दिवसभर माणसं येतात ना, त्यांच्या शिरा बघते मी, चेहरा बघतच नाही. तुमच्यासमोर बसले आणि... नुसतं बघत बसले. घरी सांगून टाकलंय मी, की असाच कुणीतरी हवा.”

“असाच म्हणजे?”

“कलावंत. कागद सरकवणारा नको.”

त्याच्या हातून साखरेचा चमचा पडला. दिवसाला सरासरी दोनशे कागद सरकवणाऱ्या माणसाने यावर काय बोलायचं असतं? तो “बरोबर आहे” एवढंच म्हणाला. घरी गेल्यावर मात्र त्याने ठरवलं, की उद्या, महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, सगळं खरं सांगायचं. तिला गमवायचंच असेल, तर निदान स्वतःच्या तोंडाने गमवू.

शनिवारी खोली भरली होती. लोक दाराच्या चौकटीवर टेकून उभे होते, आणि पुढच्या खुर्चीवर महोत्सवाचे परीक्षक मांडी ठोकून बसले होते. तो तिच्यासमोर उभा राहिला.

“मला काही सांगायचंय,” तो म्हणाला. “मी नट नाही.”

मागे उभ्या असलेल्यांनी माना पुढे काढल्या.

“हे नाटक नाही. हे विमा कार्यालय आहे. मी खरंच इथे काम करतो.”

“अहाहा...” परीक्षकांनी डोळे मिटले.

“अहो, खरंच सांगतोय! हा बघा शिक्का!” त्याने शिक्का हवेत नाचवला. मागे कुणीतरी हुंदका दिला. ती मावशी होती. टाळ्या इतक्या झाल्या की समोरच्या खोलीतला नट ‘जरा हळू’ असं सांगायला येऊन गेला.

तो तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन आला, तर प्रेक्षक मागोमाग जिना उतरले. तो बसथांब्यावर थांबला, तर सगळ्यांनी अर्धवर्तुळ केलं आणि उंच माणसं आपणहून मागे गेली.

“ऐका तरी,” तो कळवळून म्हणाला. “मी कागद सरकवणारा माणूस आहे.”

ती खळखळून हसली. “कमाल करता! पण शेवट जरा ताणलात हं.” बस आली. ती चढता चढता वळली, हात हलवला... आणि अर्धवर्तुळाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी ती लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. “पुढचे या,” ती मान वर न करता म्हणाली. समोरच्या स्टुलावर कुणीतरी बसलं. ओळखीचा चुरगळलेला शर्ट होता.

“तुम्ही? इथे?”

“उपाशी पोटी आलोय,” तो म्हणाला. “कुठेही काही बोललो तरी लोक टाळ्या वाजवतात. इथे नाही वाजवणार. मी खरंच विम्याचं काम करतो.”

“झालं ना आता तुमचं नाटक?” ती हसत होती, पण हसू पूर्ण होत नव्हतं. तिने सवयीने त्याच्या दंडाला पट्टा आवळला, सुई उघडली. “मूठ घट्ट क—”

तो कोसळला.

महोत्सवात तिने बऱ्याच जणांना बेशुद्ध पडताना पाहिलं होतं. सगळे आधी कपाळाला हात लावायचे आणि प्रकाशात पडायचे. हा स्टुलासकट आडवा झाला, तोंड उघडं, एक चप्पल कचऱ्याच्या डब्यात. कुठलाही नट स्वतःचं एवढं वाटोळं करून घेणार नाही, हे तिला तिथल्या तिथे समजलं.

“अरे, ऊठ! ऐकतोयस ना?” तिच्या तोंडून अहो-जाहो निघालंच नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा तो आडव्या बाकावर होता आणि ती ओल्या कापसाने त्याचं कपाळ पुसत होती. जरा जोरातच पुसत होती.

“म्हणजे स्टेपलर...?”

“खरंच सापडत नव्हता.”

“आणि खिडकीपाशी तो दीर्घ श्वास?”

“सर्दी.”

“मी घरी सांगून बसले! मावशीने नातेवाईकांत तुमचं कौतुक केलंय. तीन दिवस मला बनवलंत तुम्ही.”

“एक दिवस तुम्ही स्वतःच बनलात,” तो चाचरत म्हणाला. “बाकीचे दोन माझे. भिंतीवरचा तो चुकीचा बाण काढणार होतो मी. पण... तुम्ही आला नसता.”

कापूस सुकला तरी तिचा हात त्याच्या कपाळावरच होता.

“बुधवारी तुम्हाला माहीत नव्हतं,” तिने अखेर विचारलं, “मी बघतेय म्हणून?”

“छे. बुधवारचा मी तसाच होतो. शुक्रवारी फक्त नाटक केलं.”

“शुक्रवारी फार वाईट केलंत.”

“हो. फोनवर ऐकून ताईसुद्धा तेच म्हणाली.”

ती हसली, आणि या वेळी ते पूर्ण झालं.

“उद्या काय करणार?”

“दहाला कार्यालय उघडणार.”

“महोत्सव संपला. आता कुणी बघायला येणार नाही.”

“सवय आहे,” तो म्हणाला. “म्हणजे... होती.”

“जेवायच्या सुट्टीत मी रिकामीच असते,” ती पट्टा पुन्हा बांधत म्हणाली. “तुम्ही कागद सरकवा. मी बसेन भिंतीपाशी. चालेल?”

“चालेल काय—” तो उठून बसायला गेला.

“हलू नका. आणि सुईकडे बघू नका.”

“मग कुठे बघू?”

“इकडे.”

तो इकडे बघत राहिला.

“झालं?” त्याने बऱ्याच वेळाने विचारलं.

“केव्हाच,” ती म्हणाली.

हिमोग्लोबिन कमी निघालं, साडेदहा. डबा नुसता उघडून ठेवण्याचा परिणाम.