घरचं मशीन

हातगाडीवर पीठ मळायचं मशीन लादून तो निघाला होता खरं तर पुढच्या चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानाकडे. पण तिच्या दुकानासमोर गाडीचं चाक निखळलं आणि घरंगळत थेट तिच्या पायाशी जाऊन थांबलं.

"तुमचं का?" तिने विचारलं. गालावर ग्रीसचा एक ठिपका.

"चाक भाड्याचं आहे... मशीन माझं."

तो बेकरीवाला, ती दुरुस्तीवाली. तिने मशीन उघडलं आणि वासावरूनच निदान केलं. "मोटर जळलीय. बाकी ठणठणीत. ऑनलाइन मागवते, चार दिवस लागतील."

चार दिवस हे कंपनीचं मत होतं. पार्सलचं मत वेगळं होतं. काउंटरमागे बसून तिचे बाबा मोबाइलवर त्याचा माग काढत. "निघालं!" असं सकाळी जाहीर करत. "परत गेलं," संध्याकाळी. बाबांनी जन्मात पाहिली नव्हती इतकी गावं त्या पार्सलने अकरा दिवसांत पाहिली.

तो रोज सकाळी येई. कोपरापर्यंत पीठ, हातात गरम पावाची पिशवी.

"आली का मोटर?"

"नाही. फोनवर विचारलं असतं तरी चाललं असतं."

"फोनवर पाव देता येत नाही ना..."

ती हसू लपवायला पाना शोधू लागे. पाना हातातच असे.

"सगळं हाताने मळताय?"

"मग! दंड बघा कसे झालेत."

"बघितले—" ती म्हणून गेली. "म्हणजे... दिसतात."

बाराव्या दिवशी मात्र ती स्टुलावर डोकं धरून बसली होती. त्याने विचारलं तेव्हा कुठे तिने सगळं सांगितलं. त्याच पार्सलमध्ये हॉस्टेलच्या कणीक मळायच्या मशीनचा गिअरही होता. तो बसला की हॉस्टेलवाले रोख बिल देणार आणि त्यातून दुकानाचं थकलेलं भाडं जाणार. होते नव्हते ते पैसे तिने पार्सलसाठी आगाऊ भरले होते. आणि मालकाने सकाळीच बजावलं होतं— संध्याकाळी पाचला भाडं, नाहीतर किल्ली.

"माझ्या मशीनचा गिअर चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल. पण एका गिऱ्हाइकाचा पार्ट दुसऱ्याला लावायचा नाही. बाबांचा नियम आहे."

"अहो, मी स्वतःहून देतोय!"

"गिऱ्हाईक भिडेखातर काहीही देतं," मोबाइलमधून डोकं न काढता बाबा म्हणाले. "फक्त घरच्या मशीनचा काढतो आम्ही."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... घरचं समजा की."

"म्हणजे?" तिने विचारलं. तिला कळलं होतं, पण अशी गोष्ट एकदाच ऐकून कोण सोडतं?

"म्हणजे... मला गिऱ्हाईक राहायचं नाहीये. मोटर आली की इथे यायला कारण उरणार नाही. म्हणून रोज वाटेत म्हणत येतो, आजही नसू दे..."

"मी इथे देव पाण्यात बुडवून बसलेय, आणि तू तिकडून उलटं मागतोस?"

ते 'तू' दोघांनीही ऐकलं.

"चिडलीस?"

"भयंकर." तिने त्याच्या हातात पाना दिला. "धर. तो खालचा बोल्ट सोडव."

बाबांनी चष्मा पुसला. "नियमात बसतं," त्यांनी निकाल दिला.

तीनला हॉस्टेलचं मशीन घुमू लागलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना ती मालकासमोर उभी होती. किल्लीसाठी पुढे केलेल्या हातानेच त्याला पावती लिहावी लागली.

बेकरीचं मशीन आता मोटरीवाचूनही आणि गिअरवाचूनही होतं. मग रोज पहाटे दोघं मिळून पीठ मळू लागले. काम दुप्पट वेळ चाले. तक्रार कुणाचीच नव्हती.

पार्सल आलं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. पाठोपाठ कंपनीने मोबाइलवर विचारलं, सेवा कशी वाटली? तिने एक तारा द्यायला बोट उचललं. त्याने ते हळूच धरलं आणि पाचव्या ताऱ्यावर टेकवलं.

खालचा शेरा बाबांनी लिहिला: "उशिराबद्दल मंडळ आपले आभारी आहे."