भिसे खिंडीतून आणलेली देग

पोपटीच्या मडक्याला आत्ताच जाळ लावलाय. शेंगा शिजायला वेळ हाय, तोवर मडक्याकडं टक लावून बसू नका. विशाल, तो मोबाईल खिशात टाक. भूमिका, तू जरा अलीकडं सरक, धूर तुझ्याकडंच येणार.

भुताची गोष्ट सांगा म्हणालात ना, सांगतो. पण आधीच बजावतो, माझा भुतांवर विश्वास नाय. माणसांवर तर त्याहून नाय. तीसेक वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकीट न काढता झोपेचं सोंग घेणारा माणूस मला नुसत्या पापण्यांवरून कळायचा. त्यामुळं ही गोष्ट मी ऐकली तशी गिळलेली नाय. दोघांना वेगवेगळं बसवून, उलटसुलट विचारून घेतलीय. शेवटचा भाग तर मी स्वतः डोळ्यांनी पाहिलाय.

माझे शेजारी वाजिदभाई तुम्हाला ठाऊक हायत. कुवेतला अर्धं आयुष्य काढून आपल्या वरसेत घर बांधलं, ते. दोन वर्षांमागं त्यांच्या पोरीचं, हुदाचं लग्न ठरलं. त्यांच्या घराण्यात एक तांब्याची देग होती, पणजीच्या वेळेपासूनची. आत लहान पोर बसेल एवढी मोठी. घरात लग्न निघालं की पहिला भात त्या देगीत शिजायचा, बाकीचं मग केटरर काय करील ते करो. वाजिदभाईंच्या अम्मा वारल्या तेव्हा हे परदेशात. म्हणून देग राहिली धाकट्या बहिणीकडं, अमीनाकडं. ती पेणला रामवाडीत राहते.

आता बघा हं. लग्न जवळ आलं तशी वाजिदभाईंनी बहिणीला फोन केला, देग न्यायला कधी येऊ? तर ती म्हणाली, कल्हईवाला आला नाय. पुढच्या आठवड्यात म्हणाली, देग माळ्यावर हाय, उतरवायला माणूस नाय. मग म्हणाली, बरं नाय. तारखेवर तारीख. वाजिदभाईंच्या मनात पाल चुकचुकली. कारण त्याच सुमारास पेणात एक माणूस जुनी तांब्यापितळेची भांडी विकत घेत फिरत होता. अलिबागकडं कुणा रिसॉर्टवाल्याला शोभेला हवी होती म्हणे. लोकांनी आज्यांचे हंडे, घंगाळं काढून दिली. तिकडं त्यात झाडं लावतात. पाणी तापवायच्या घंगाळात झाडं! असो.

"नाथा," वाजिदभाई मला म्हणाले, "अमीनानं देग विकली असली ना, तर माझ्या पोरीच्या लग्नात तिनं पाय ठेवायचा नाय. मला बहीण नव्हती असं समजेन."

मी म्हटलं, आधी बघून तर या. पण संशय मलापण आला होता, खोटं कशाला बोलू.

नाताळच्या आदल्या शनिवारी ते पेणला गेले. येताना अमीनाचा मुलगा आकिब पिकअपमधून देग आणि मामू दोघांना सोडणार, असं ठरलं होतं. अमीनानं तांदळाची सांदणं केली होती, चहा दिला. देग पडवीत तयारच होती. बाहेरून काळीकुट्ट, वर झाकण, आणि झाकणावरून सुंभानं करकचून बांधलेली.

"बांधलीस कशाला गो एवढी?"

"कल्हई नवीन हाय, भाई. वाटेत धूळ जायला नको. आता लग्नाच्या दिवशीच सोड."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. विचारायचं ते पोटात ठेवून वाजिदभाई सांदणं खात बसले. पण बहीण आपल्या डोळ्याला डोळा देत नाय, एवढं त्यांनी हेरलं.

संध्याकाळीच निघाले, तरी वडखळला अडकले. नाताळची सुट्टी, मुंबईची सगळी गाडीवाली जनता अलिबागला निघालेली. नागोठण्याला चहा घेऊन रोह्याच्या रस्त्याला लागेस्तोवर रात्र झाली. भिसे खिंडीत शिरले तेव्हा साडेअकरा झाले होते. अमावास्या-बिमावास्या काय नव्हती. लख्ख चांदणं होतं, रस्त्यावरची खडी मोजता आली असती. हे ध्यानात ठेवा.

एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागं देग हौद्याच्या पत्र्यावर आपटली. थप्प. असा आवाज झाला.

"थांबव," वाजिदभाई म्हणाले.

"इथं? मामू, खिंड हाय ही."

"थांबव म्हणतो ना."

ते उतरून मागं चढले. पान्यानं देगीच्या काठावर ठोकलं. पुन्हा तेच. थप्प, थप्प.

"ही आपली नाय," ते म्हणाले. "अम्मा भात ढवळून झाला की डाव काठावर तीनदा आपटायची, चिकटलेली शितं झाडायला. आवाज असा घुमायचा की गल्लीच्या टोकाची पोरं ताटं घेऊन धावायची. ही तर लाकडाच्या ओंडक्यासारखी वाजते."

आता दोरीनं आवळलेलं भांडं बद्दच वाजणार, हे माझ्यासारख्याला कळतं. पण संशयानं माणसाचे कानपण फिरतात.

"खरं सांग, आकिब. तुझ्या अम्मीनं देग विकली ना?"

आकिब खाली रस्त्यावर उभा होता. त्यानं मान खाली घातली.

आणि तेवढ्यात वरच्या रानातून आवाज आला.

टण्ण... टण्ण... टण्ण...

स्वच्छ. घुमणारा. तांब्यावर डाव आपटावा तसा.

दोघं वर बघायला लागले. वाजिदभाईंना आधी वाटलं, आकिबनंच कुणीतरी साथीदार बसवलाय. आपल्याला घाबरवून प्रश्न टाळायचा त्याचा बेत असणार. मीपण हेच म्हटलं असतं. त्यांनी हाक दिली, "कोण हाय रे तिकडं?"

रातकिडे किरकिरत होते, ते थांबले.

टण्ण... टण्ण... टण्ण...

आता खालून. वळणाच्या अलीकडून.

"मामू... चला ना."

"गप."

रस्ता चांदण्यात मोकळा दिसत होता. माणूस नाय. जनावर नाय. सावलीपण नाय.

मग बराच वेळ काहीच नाय.

वाजिदभाईंचा एक हात देगीच्या झाकणावर होता. टेकायला म्हणून ठेवलेला.

टण्ण...

हाताखाली.

झाकण थरथरलं. त्यांना हात उचलायचा होता. उचलेना.

टण्ण...

आतून.

...

तिसरा आवाज फार हळू आला, म्हणाले. कुणी जपून आपटावा तसा.

आकिब केबिनमध्ये शिरला आणि त्यानं गाडी सोडली ती थेट वरसेपर्यंत. मामू मागंच राहिलेत हेसुद्धा त्याच्या ध्यानात नव्हतं. वाजिदभाई त्या थंडीत हौद्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसून आले. समोर देग. तिच्यावरून नजर हटवायची छाती झाली नाय.

गाडीचा आवाज ऐकून मी उठलो. वाजिदभाईंची बोबडी वळलेली. मी आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. हसू नका रे, सवय असते एकेक. माणूस दारूला शिवत नाय, मला ठाऊक हाय, तरी घेतला. मग आकिबला बाजूला नेऊन विचारलं, मग मामूला. दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळलं. एरवी जुळलेल्या जबान्यांवर माझा जास्त संशय असतो, पण त्या पोराचे दात वाजत होते. देग आम्ही अंगणात उतरवली. घरात घ्यायला कुणी तयार होईना. झोप तर उडालीच होती, म्हणून मी गोधडी घेऊन ओट्यावर बसलो, देग नजरेसमोर ठेवून. उजाडेपर्यंत तिला कुणी हात लावला नाय. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

फजरची नमाज झाल्यावर वाजिदभाईंनी बहिणीला फोन लावला. स्पीकरवर. डोळे भरलेले.

"गो अमीना, मला माफ कर. मी तुझ्यावर संशय घेतला. देग आपलीच हाय. मी या कानांनी ऐकली."

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"अमीना?"

"भाई," ती म्हणाली, "ती आपली देग नाय."

वाजिदभाई माझ्याकडं बघायला लागले.

"आपली मी विकली. आकिबच्या अब्बांचं ऑपरेशन होतं, तुला किती वेळा सांगायचं, किती वेळा हात पसरायचा? ही दुकानातून नवीन आणली. धुरावर धरून काळी केली. अजून तिच्यात पाण्याचा थेंब नाय पडलेला. लग्नाआधी सांगणारच होते, पण तोंड झालं नाय."

वाजिदभाईंचा चेहरा दगडासारखा झाला. रात्रीची भीती गेली कुठल्या कुठं, राग तेवढा उरला.

"लग्नाला येऊ नकोस," ते म्हणाले आणि फोन बंद केला. मग मला म्हणाले, "नाथा, सोड ती दोरी. बघू तरी नकली माल कसा हाय तो."

अमीनाच्या गाठी बोटांनी सुटेनात. शेवटी मी खिळा घालून सैल केल्या. झाकण उचललं.

आतली कल्हई आरशासारखी. बाजूला कुठं डाग नाय, वाफेचा ओघळ नाय. आणि तळाला भाताची खरवड होती.

जाड, तांबूस, खरपूस. फक्त अर्ध्या तळाला. दुसरी अर्धी बाजू कुणीतरी उलथन्यानं नीट खरवडून घेतलेली. मधोमध सरळ रेघ, भाकरीचे दोन वाटे करावेत तशी.

मी पहिलं आकिबकडं बघितलं. तो मागं मागं सरकत भिंतीला टेकला होता. असं सोंग कुणाला करता येत नाय.

वाजिदभाई आत बघत राहिले. मग मटकन खाली बसले.

"लहानपणी खरवडीवरून आम्ही भांडायचो," ते म्हणाले. "अम्मा मधोमध रेघ मारायची. डावी माझी, उजवी अमीनाची. दोघं येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाय. एकानं दुसऱ्याला हाकललं तर हाकलणाऱ्याचीच बाजू काढून घ्यायची."

मी वाकून पाहिलं. राहिली होती ती उजवी.

"माझी काढून घेतली, नाथा," ते म्हणाले. आणि तो एवढा मोठा बाप्या अंगणात बसून पोरासारखा रडला.

आकिब जवळ यायला धजत नव्हता. बऱ्याच वेळानं वाजिदभाईंनीच त्याला हाक मारली.

"जा. गाडी काढ. तुझ्या अम्मीला घेऊन ये. म्हणावं, भाई वाट बघतोय, तुझं जेवण राहिलंय."

तो गेला. वाजिदभाई तोंड धुवायला आत गेले. अंगणात मी एकटा. माझा संशयी स्वभाव, तो काय मला गप्प बसू देतो? म्हटलं, खरवड केव्हाची हाय ते तरी कळू दे. देग बाहेरून चाचपली. रात्रभर दव पडलेलं, तांबं बर्फासारखं गार, बोटं आखडली माझी.

मग आत हात घातला...

तळ ऊन होता.