रिकामा फुगा

रोज सकाळी पूजा झाली की मी लाल शाईच्या पेनाने रामनाम लिहिते. नेम जुना आहे. त्यानेच माझं अक्षर वळणदार झालं, आणि त्या अक्षरापायीच ह्यांनी मला चित्रकथेत ओढलं.

हे सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तरुणपणी दूरदर्शनवर पाहिलेल्या एका विज्ञानमालिकेचे भाग निवृत्तीनंतर त्यांना इंटरनेटवर सापडले. एकेका भागाची ते चित्रकथा करू लागले. चित्रं त्यांची, फुग्यांतले संवाद ते सांगतील तसे माझ्या हातचे.

"तुझ्या रामाचा हात जरा आमच्या यानालाही लागू दे," म्हणाले.

या वेळी अंतराळात हरवलेल्या एका मुलाची गोष्ट होती. सगळ्यांनी आशा सोडलेली असते आणि एके दिवशी तो दारात उभा राहतो. पुढचं मी विचारलं नाही. आमचा गौरांग मालवाहू जहाजावर. बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. कंपनीवाले म्हणायचे, रेंज नसेल, काळजी करू नका. पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी उगाच जाऊन उभी राहायची, फाटकाकडे बघत.

म्हणून त्या मुलाचे फुगे मी फार जीव लावून भरले. 'आई, दार उघडंच ठेवलंस?' 'वाटेत जेवलो मी.' 'इथलं सगळं तसंच आहे.' शेवटच्या चित्रात तो आईसमोर उभा होता. फुगा होता, पण कोरा.

"तो तसाच ठेव," हे म्हणाले. "रेकॉर्डिंगमध्ये तिथे आवाजच नाही."

खाली एका ओळीची जागा उरली होती. कहाणी अर्धी सोडू नये, असं आमच्याकडे मानतात. काळं पेन कोरडं पडलेलं, म्हणून मी नेमाचं घेतलं आणि व्रताच्या कहाणीच्या शेवटी म्हणतो तसं लिहिलं: 'जसा तो घरी आला, तसे सगळ्यांचे घरी येवोत.'

ह्यांनी वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"उत्तरा, तू हा भाग पाहिलायस का?"

"नाही. का हो?"

"घरी येतो तो त्यांचा मुलगा नसतो."

"मग कोण असतो?"

"ते शेवटपर्यंत सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी हे ती ओळ ब्लेडने खरवडायला बसले. लाल अक्षरं अजून ओली होती. बोटाला लागली, पुसट मात्र झाली नाहीत.

त्यानंतरची एकादशी. पूजा आटोपली, साबुदाणा भिजलेला होता, देवघरापुढे वही उघडली. फुलपुडीवाला पैसे घ्यायला येणार म्हणून दार उघडं ठेवलं होतं.

"आई, दार उघडंच ठेवलंस?"

गौरांग. खांद्याला तीच निळी बॅग. मी त्याला कुशीत घेतलं, किती वेळ सोडलंच नाही. मग लक्षात आलं, शर्टाला कसलाच वास नाही. घामाचा नाही, प्रवासाचा नाही.

"बस रे. काहीतरी खाऊन घे."

"वाटेत जेवलो मी."

हे आतून आले. मुलाला बघून हसले, आणि मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"फोन तरी करायचास. मुंबईहून कसा आलास?" ह्यांनी विचारलं.

गौरांगने हळूहळू मान फिरवून घर पाहिलं. भिंती, पंखा, देवघर.

"इथलं सगळं तसंच आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली.

"गौरांग," मी म्हटलं, "बाळा, तुझ्या जहाजाचं नाव काय रे?"

तो माझ्याकडे वळला. चित्रात उभा होता तसा.

त्याने तोंड उघडलं.

आवाज आला नाही. तोंड मिटलंही नाही.

तो माझ्या उघड्या वहीकडे बघत होता.

"उत्तरा," हे अगदी हळू म्हणाले, "काही लिहू नकोस."

"नेम राहिलाय हो."

"आजच्या दिवस राहू दे."

मी पाटावर बसले. पेन उघडलं. 'श्री' लिहिलं.

"श्री," पाठीमागून आवाज आला.

आवाज गौरांगचाच होता. लहानपणी तिन्हीसांजेला पर्वचा म्हणायचा तसा.

'राम' लिहिलं.

"राम."

वही भरली. ह्यांनी दुसरी आणून दिली.

मी अजून लिहिते आहे. हात थांबला की त्याचं तोंड उघडंच राहतं.