चारशे कोटींतलं एक घर

दंतवैद्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करून ती जिना उतरत होती आणि मास्तर जिना चढत होते. मास्तरांच्या हातात पुस्तकांचं भलंमोठं खोकं, त्यामुळे त्यांना समोरचं दिसत नव्हतं. तिचं डोकं मोबाइलमध्ये, त्यामुळे तिलाही. व्हायचं तेच झालं. तिच्या पिशवीतले कॉम्प्युटरचे स्क्रू टणाटण उड्या मारत पायऱ्यापायऱ्यांवर पसरले आणि दोघंही गुडघ्यांवर बसून ते वेचायला लागले.

“ओ ताई, तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता?”

“नाही, स्क्रूंची शेती करते.”

मास्तर हसले. शाळेत गणित शिकवणारा, तिशीतला माणूस. पण हसला की वर्गातल्या मागच्या बाकावरचा वाटावा. तिला बाजारात सगळे स्क्रूताई म्हणत. कुणी शिकवलं नव्हतं तिला. भावाने टाकून दिलेला कॉम्प्युटर उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून ती शिकली होती.

“माझा बघाल? काम करता करता मध्येच निळा पडदा येतो आणि मान टाकतो. आणि…” मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आणि मला फार मोठी गोष्ट सापडलीय हो.”

वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत कोपऱ्यात एक दुर्बीण होती, आजारी माणसासारखी चादर पांघरून. आणि पडद्यावर…

तिचा हात पिशवीच्या चेनवरच थांबला.

काळोख. त्यात चांदण्या, चांदण्यांच्या मागे चांदण्या, आणि त्यांच्याही मागे धुरासारखा पसरलेला मंद उजेड. आजवर तिने यंत्रांच्या पोटातच पाहिलं होतं. काचेच्या या बाजूला एवढं काही असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“एका फोटोत यातलं फारसं काही दिसत नाही,” मास्तर हळू आवाजात म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर ते उडून जाईल. “आकाशाच्या एकाच तुकड्याचे तीनशे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरने ते एकावर एक ठेवायचे. थेंब थेंब उजेड साठतो. हा उजेड तिथून निघाला ना, तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता.”

“बाई गं…”

“आणि ही.” त्यांचं बोट एका ठिपक्यावर आलं. “ही कुठल्याच नकाशात नाही. वेधशाळेला पत्र लिहून तयार आहे. फक्त खात्रीसाठी चित्र पुन्हा करायचं होतं, तर हा मध्येच बंद पडतो.”

तेवढ्यात चहा घेऊन त्यांच्या आई आल्या. “नीट कर हो पोरी. पहिल्यांदाच काहीतरी सापडलंय याला, नाहीतर स्वतःचा चष्मा सापडत नाही. मी तर माझ्या बहिणीला सांगूनही टाकलं.”

“आई!”

“आई काय? चांदणी काय लपवून ठेवायची वस्तू आहे?”

ती मात्र त्या ठिपक्याकडे बघत होती. बाकीच्या चांदण्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होत्या, कागदावर तेलाचा थेंब पडावा तशा. ही तेवढी टाचणी टोचल्यासारखी, नेमकी. असा ठिपका तिने पाहिला होता. फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरवर, नवरीच्या गालावर, हिरवागार. नवरीकडच्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. दोष निघाला होता रॅममध्ये, म्हणजे काम चालू असताना कॉम्प्युटर सगळं जिथे तात्पुरतं ठेवतो, त्या पट्टीत.

ते ती सांगणारच होती. पण खात्रीशिवाय बोलायचं नाही, हा तिचा नियम.

तिने कॉम्प्युटर बंद करून त्याचं कॅबिनेट उघडलं, रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या आणि खिशातून खोडरबर काढून त्यांचे सोनेरी दात घासायला लागली.

“खोडरबर?” मास्तर ओणवे झाले. “आम्ही यानं चुका पुसतो.”

“कधी कधी नुसता मळ असतो,” ती म्हणाली. आणि मनात… देवा, नुसता मळच असू दे.

मग एकच पट्टी बसवून तिने पेनड्राइव्हवरची तपासणी सुरू केली. पडद्यावर आकडे पळायला लागले.

“हे काय करतंय?”

“या पट्टीत चारशे कोटींच्या वर घरं आहेत. प्रत्येक घरात काहीतरी ठेवायचं, मग परत जाऊन विचारायचं, ठेवलेलं तसंच आहे का?”

“प्रत्येक घरी?”

“एकही दार सोडायचं नाही.”

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. “आणि तुम्ही रोज हे करता? इतक्या सहज?”

तिच्या कामाकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोक विचारत, कधी होईल. ती उगीचच स्क्रू मोजायला लागली. तासभर गेला. पहिली पट्टी निर्दोष निघाली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, मास्तरांनी मघापासून तिला एकदाही ‘ताई’ म्हटलं नव्हतं.

दुसरी पट्टी लावली. सातव्या मिनिटाला लाल ओळ उमटली.

तिने तीच पट्टी शेजारच्या खोबणीत बसवली. पुन्हा लाल ओळ, तोच पत्ता. खोबण चांगली होती. पट्टीच खोटं बोलत होती.

“चारशे कोटींत एक घर!” मास्तर टाळी वाजवायचेच बाकी होते. “आणि तुम्ही ते शोधलंत! चला, बिघाड कळला. आता पुन्हा चित्र करत बसत नाही, पाच वाजत आलेत, वेधशाळेचं ऑफिस बंद होईल. पत्र पाठवूनच टाकतो.”

तिने चांगली पट्टी बसवली, झाकण लावलं, पिशवीची चेन ओढली. मास्तरांनी पत्र उघडलं. तिने चेन उघडली. पुन्हा ओढली. मास्तरांचा हात माउसवर गेला…

“थांबा. पाठवू नका.”

“का?”

“त्या घरात काळं ठेवलं, तर ते पांढरं परत देतं.” तिने पिशवी खाली ठेवली. “तुमची चांदणी… मला वाटतं, ती आकाशातली नाही.”

मास्तरांनी माउसवरचा हात काढला. पत्र तसंच ठेवून त्यांनी तीनशे फोटो पुन्हा एकावर एक ठेवायला लावले. या वेळी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. तासाभराने काळोखातून चांदण्या वर आल्या, मागचा धूर पसरला, आणि त्या ठिपक्याची जागा काळीभोर राहिली. कितीतरी वेळ दोघं त्या काळ्या जागेकडे बघत होते. ती जागासुद्धा किती खोल होती!

“तुम्ही न बोलता जाऊ शकला असता,” मास्तर म्हणाले.

“जाणारच होते. दोनदा चेन लावली.”

“मग?”

खोटं बोलायची सवय नव्हती तिला. “तिकडे तुमचं पत्र वाचून कुणीतरी हसलं असतं. ते मला… सहन झालं नसतं.”

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. आत आई फोनवर बहिणीला चांदणीचं वर्णन करत होत्या.

“आधी आत जाऊन ते थांबवतो,” ते उठत म्हणाले. दारापाशी जाऊन वळले. “शनिवारी येता? गच्चीवर दुर्बीण लावतो मी.”

“काम काय आहे?”

“काम… काही नाही.”

तिने पिशवी खांद्यावर टाकली, पुन्हा एकदा त्या काळ्या जागेकडे पाहिलं.

“मग येते,” ती म्हणाली.