डाव्या हाताचं मागणं

धडक बसली आणि पेटिलियाच्या टोपलीतले पाव रोमच्या रस्त्यावर गडगडत गेले.

“डोळे फुटलेत का तुझे?”

“दिवसभर बारीक कोरीव काम गं… उन्हात आलं की काही दिसत नाही. तू मात्र दिसतेयस हं, अगदी स्पष्ट!”

हा हिलारुस. टाकसाळीत चांदीच्या नाण्यांचे ठसे कोरायचा. त्या दिवसापासून तो रोज तिच्या वडिलांच्या भट्टीवर येऊ लागला. एकटा जीव, आणि पाव न्यायचा सहा जणांचे! पेटिलिया काय समजायचं ते समजली. वरून टोमणे मारायची, आतून मोहरायची.

एका सकाळी तो ओट्याशी घुटमळला. “सम्राटाचं लग्न ठरलंय. नाण्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा, दुसरीकडे नवरानवरीचे गुंफलेले हात. पेटिलिया… नवरीचा म्हणून तुझा हात कोरीन म्हणतो. नवऱ्याचा म्हणून — माझा.”

पिठानं माखलेला उजवा हात तिनं पुढे केला.

“हा नाही,” तो कामाच्या नादात म्हणाला, “डावा दे. मीही डावाच देतो.”

डावा! अहो, रोममधली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील, लग्न लागतं ते उजव्या हातांनी. डावा म्हणजे चक्क अपशकुन.

“थट्टेला मीच सापडले होय?”

“अगं, ऐकून तरी घे—”

“चालता हो!”

आठ दिवस तो येत राहिला. तिनं तोंडसुद्धा पाहिलं नाही. नवव्या दिवशी तो आला नाही, आणि वडिलांनी आणलेल्या एका तेलव्यापाऱ्याच्या स्थळाला तिनं रागाच्या भरात होकार देऊन टाकला.

पुढे सम्राटाच्या लग्नात नाणी उधळली, त्यातलं एक तिच्या पायाशी पडलं. तिनं उचललं. गुंफलेले हात होते… उजवे! ती तडक टाकसाळीत गेली. हिलारुस हत्यारं बांधत होता. दूर गॉल प्रांतातल्या टाकसाळीत त्यानं बदली मागून घेतली होती.

“हे उजवे कसे?”

त्यानं ठसा तिच्यापुढे धरला. ठशात हात डावे होते.

“ठशात डावं कोरलं, की नाण्यावर उजवं उमटतं. एवढंच सांगायला आठ दिवस येत होतो गं.”

पेटिलियाला रडू आवरेना. “कसली मूर्ख मी! तू किती आवडायचास मला… अजूनही…”

“मग चल ना माझ्याबरोबर!”

“लग्न झालं रे माझं. महिना झाला.”

तिला शोधत आलेल्या नवऱ्यानं बाहेरून हाक मारली. “आले,” ती म्हणाली आणि डोळे पुसून निघाली.